उतार जाळायच्या आधी

वहिनीला तयार करायला टँकरवालीनं अख्खा हिवाळा घालवला होता.

वहिनीचं घर उताराच्या डोक्यावर, जंगलाला खेटून. खाली पाचोळा एवढा, की पाय टाकला तर पोटरी बुडेल. उन्हाळ्यात खाली कुठं ठिणगी पडली, की आग धावत वर येणार आणि पहिलं घर हिचंच गाठणार. म्हणून थंडी सरायच्या आत, वारा मऊ असताना, वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही वस्त्यांनी मिळून तो पाचोळा आपणच जाळायचा. वरून खाली, हळूहळू. टँकरवालीनं हे शंभरदा सांगितलं. वहिनीचं एकच, "तुझ्या भावाला जिनं खाल्लं, तिला मी माझ्या दारात बोलवू?"

गेल्या उन्हाळ्यात आग विझवायला गेलेला भाऊ परत आला नव्हता. वहिनी असं बोलली की टँकरवालीचं डोकं फिरायचं. दार आपटून निघून जायची आणि चार दिवसांनी पुन्हा हजर. भाऊ तिचाही होता ना.

शेवटी एका सकाळी वहिनी आली. पाला ओढायची दाताळी, आग झोडपायला हिरव्या फांद्यांचे झोडपे घेऊन सगळे गोल उभे राहिले. काडी ओढायच्या आधी प्रत्येकानं 'हो' म्हणायचं, अशी पद्धत. एक जरी 'नाही' आलं तर सगळे घरी. आणि त्यावरून कुणी रुसायचं नाही.

"हो," जंगलाचा गार्ड म्हणाला.

"हो," लाकूडवाला म्हणाला. "आणि आटपा लवकर, आमची ही जेवायची थांबलीय."

"थांबलीय कसली! सुटले एकदाची म्हणून झोपली असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मग वहिनीची पाळी आली आणि हसणं आपोआप बंद पडलं.

"हो," ती म्हणाली. जेमतेम ऐकू आलं.

राहिली टँकरवाली. तिच्या पाठीमागं टँकरचा पंप घरघरत होता. घरघर, मध्येच एक उचकी, परत घरघर. सकाळपासून तिला ती उचकी कानात टोचत होती. पाणी तर येत होतं. पण ऐन वेळी जोर गेला तर? आणि आज बेत मोडला, तर वहिनीच्या तोंडून पुन्हा 'हो' निघणार होतं का?

"अगं, बोल की!" लाकूडवाला म्हणाला.

"नाही."

"काय नाही?"

"पंप बरोबर वाजत नाहीये. आज नको."

"पाणी येतंय की ढीगभर!" लाकूडवाला उसळला. "हिवाळाभर हिनंच आमचं डोकं खाल्लं, आणि आता हिचीच तंतरली!"

"ये इकडं, तुझ्याच तोंडावर मारते पाणी. मग बघू कुणाची तंतरते!"

"बास," गार्ड म्हणाला. "नाही म्हणजे नाही. आवरा."

माणसं कुरकुरत पांगली. टँकरवाली पाइप गुंडाळत बसली. मान वर करायची हिंमत होईना. वहिनीच जवळ आली.

"खरंच पंप आहे, की भीती?"

"पंप," ती म्हणाली. मग म्हणाली, "भीती पण आहे."

वहिनी शेजारी टेकली. "त्या दिवशी तुझा भाऊ मला म्हणाला होता, रात्रभर डोळा लागला नाही, पाय उचलत नाहीत. तरी गेला. सगळे जात होते ना." तिनं पाइपचं सुटलेलं टोक हातात घेतलं. "एकदा नाही म्हणाला असता गं."

टँकरवालीला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा, ते तिला कळेना.

मिस्त्रीनं पंप उघडला. आतलं रबराचं वायसर चिरलेलं. "तासभर चालला असता, मग बसला असता गप," तो म्हणाला. ते नवीन बसलं, तर वाऱ्यानं रडवलं. गार्ड रोज सकाळी मूठभर पाला पेटवून धूर बघायचा आणि 'नाही' अशी मान हलवायचा. एके दिवशी धूर आळसावल्यासारखा सरळ वर गेला.

गोल झाला. वहिनी म्हणाली, "आधी हिला विचारा."

टँकरवालीनं पंपाला कान लावला. "हो."

घराच्या कडेनं आग लावली आणि ती उतारावरून मागं सरकत खाली निघाली. घोट्याएवढी, कुठं गुडघ्याएवढी. जिथं डोकं वर काढील तिथं झोडपा पडायचा, पाणी पडायचं. कुणी फारसं बोलत नव्हतं. लाकूडवालासुद्धा.

दुपारी सगळा उतार काळा पडला होता. झाडं तशीच उभी होती. वहिनी एकटीच राखेतून फिरत होती, वाकून हाताची पालथी बाजू जमिनीजवळ नेत होती. एका बुंध्यापाशी ती थांबली.

"ए, पाणी आण इकडं," तिनं हाक मारली. "इथं धग आहे अजून."

टँकरवाली पाइप ओढत धावली.