एकट्याचं बिरडं

पत्नी गोदावरी गेल्यावर यज्ञेश्वरांच्या जेवणातून आधी वालाचं बिरडं गेलं. मग उसळी गेल्या, आमटी गेली. उरला ताकभात. एकट्या जिवाला आणखी काय लागतं, असं ते म्हणत. वर्षभरात त्यांचे दंड सुकले. नागावच्या वाडीत सुपाऱ्या वेचायला वाकले, तर माडाला धरूनच उठता आलं.

मुलगी वल्लरी पुण्याहून आली आणि त्यांना अलिबागला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"जेवता काय रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

"भात."

"आणि?"

"ताक."

"आणि?"

"लोणचं."

"बाबा, लोणचंही मोजलंत?" वल्लरी म्हणाली.

आजार काही नव्हता. पोटात प्रथिनं जात नव्हती, म्हणून स्नायू झिजत होते. डाळी, कडधान्यं, दूध, दही दोन्ही वेळेला हवं, आणि थोडं चालणं, असं डॉक्टरांनी बजावलं.

"दिवाळीपर्यंत अंगात ताकद दिसली नाही, तर मी न्यायलाच येणार," निघताना वल्लरी म्हणाली. "वाडी देऊ कुणाला तरी बघायला."

त्यांना जायचं नव्हतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये गोदावरीचा फक्त फोटो होता. इथे ती सगळीकडे होती.

त्यांनी वाल भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले आणि कोमट पाण्याचं पातेलं घेऊन ओटीवर सोलायला बसले. हे काम दोघांचं. तिची बोटं चालत, यांची जीभ. "अहो मास्तर, डाळिंबी सोलायचीय, चिरडायची नाही! मुलांचे कान नव्हेत ते," ती म्हणायची.

यज्ञेश्वरांनी मुद्दाम एक डाळिंबी चिरडली आणि थांबले. कोणी काही बोललं नाही.

फोडणीपाशी ते अडले. वल्लरीला फोन लावला.

"आई बिरड्यात काय घालायची गं?"

"खोबरं, आमसूल, गूळ... आणि काहीतरी वाटून घालायची. काय ते मी कधी विचारलं नाही."

"मीही नाही," ते म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी फडताळातले डबे उघडून पाहिले.

हाताशी होतं ते घालून त्यांनी बिरडं केलं. पहिल्याच घासाला कळलं, ही ती चव नव्हे. ती आता कुठल्याच ताटात येणार नव्हती. वाटी सरकवून भातावर ताक ओतावं, असं फार वाटलं.

त्यांनी पळी उचलली, भातावर आणखी बिरडं वाढून घेतलं आणि सावकाश चावत ताट स्वच्छ केलं. उरलेलं रात्रीसाठी झाकून ठेवलं. मग सुपात मूठभर मूग घेऊन निवडायला बसले.