नववा स्लॉट

चिचगडच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या त्या छोट्या दवाखान्यातला संगणक म्हणजे तो सांभाळणाऱ्या खुमेंद्रचा जीव की प्राण. पूर्वी त्याच्या पोटातली नेटवर्क कार्डं भारी छळायची. जे आधी जागं होईल ते पहिलं, त्यामुळं मशीन बंद करून चालू केलं की नावांची अदलाबदल आणि गोंदियाच्या डॉक्टरांना पडद्यावर आणणाऱ्या लाइनचा बोऱ्या वाजलाच म्हणून समजा. आता नव्या पद्धतीत कार्ड ज्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, बसेल त्यावरूनच त्याचं नाव पडायचं, अन् ते बदलायचं नाही. खुमेंद्रला याचं मोठं कौतुक होतं.

त्या दुपारी गावातल्या धुरपताला धानाच्या बांधीत मण्यार चावली. नर्स निर्मलाबाई एकटीच, आणि पडद्यावरून गोंदियाचे डॉक्टर, तोंडाला मास्क लावलेले, तिला एकेक इंजेक्शन सांगत होते. खुमेंद्रनं सहज म्हणून सेटिंगची फाइल उघडली. सकाळी जुनं काढून नवं कार्ड बसवताना त्यानं कोहमाऱ्याच्या दवाखान्यातल्या मोठ्या मशीनची फाइल जशीच्या तशी उचलली होती, आणि स्लॉटचा आकडा बदलायचा विसरला होता. लाइन नवव्या स्लॉटवरून चालली होती. या मशीनला स्लॉट होते चार.

त्यानं मागं वाकून पाहिलं. नव्या कार्डाचा दिवा विझलेला होता, तरी पडद्यावर डॉक्टर बोलतच होते. चूक दुरुस्त करायला त्याचा हात कीबोर्डकडे गेला, तशी निर्मलाबाई ओरडली, "हात नोको लावू, भाऊ! श्वास परतून राहिला तिचा!"

खुमेंद्रनं हात मागं घेतला. धुरपतानं डोळे उघडले, पाणी मागितलं. देवळात उभं राहिल्यासारखं त्यानं नकळत पायातली चप्पल काढली.

तेवढ्यात गोंदियाहून दुर्गेशचा फोन. तिकडची लाइन हाच बघायचा. "अरे भाई, सुबहसे तुमची लाइनच नाही. डॉक्टरसाहेब वाट पाहून निघून गेले. काऊन बंद ठेवलीस?"

खुमेंद्रचा फोन कानालाच राहिला. त्यानं मान वर केली. पडद्यावरचे डॉक्टर आता निर्मलाबाईकडे नव्हे, थेट त्याच्याकडे पाहत होते. नजर मोठी मायेची होती.

"ही बाई वाचली," ते म्हणाले. "आता तुलसाबाईला टेबलावर घ्या."

तुलसाबाई म्हणजे त्याची आई. सकाळीच तिनं हसतखेळत त्याचा डबा भरून दिला होता.

 खुमेंद्र अनवाणीच उठला आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावर धुतलेली चादर अंथरू लागला.