कडक लायनर

अणदूरच्या दूध संस्थेकडं शांतलिंग गाई-म्हशींना रेतन करण्याच्या कामावर होता. बर्फाचा थर्मास मागं बांधून जावा गाडीवरनं तो रोज गावोगाव हिंडायचा. शहाऐंशी साली सलग दुसऱ्या उन्हाळ्यात गावाबाहेरचा तलाव आटला. पाणी गेलं आणि तळ ताटासारखा सपाट उघडा पडला. त्या तळावर आसपासची पोरं मोटारसायकली पळवायची. मे महिन्यात तिथं शर्यत ठरली.

आदल्या वर्षीच्या शर्यतीत शांतलिंग शेवटच्या फेरीपर्यंत पुढं होता. मग वळणावर त्यानं ब्रेक दाबला, तर दांडी मुठीला येऊन टेकली. गाडी सरळ काठावरच्या बाभळीत घुसली. लोक हसले ते तो पुढं विसरलाही. पण मुठीत आलेली ती पोकळ दांडी त्याच्या हाताला वर्षभर आठवत राहिली.

म्हणून यंदा तो आधीच नळदुर्गला कोंडिबाकडं गेला. कोंडिबाचं गॅरेज एसटी स्टँडामागं, लिंबाखाली. त्यानं चाक उतरवलं आणि ब्रेकचे दोन तऱ्हेचे लायनर पोत्यावर मांडले.

"ह्यो मऊ," कोंडिबा म्हणाला. "बोट लावलं की धरतो. पण सारखा दाबत ऱ्हायला तर तापतो, न् तापला की सोडतो. ह्यो दुसरा कडक. कितीबी तापू द्या, धरूनच ऱ्हायतो."

"मग कडकच टाका की, मामा."

"ऐका तर. कडक गार असला की धरीत न्हाय. सकाळी घरनं निघाल्यावर पयल्या दोन-चार दाबाला गाडी तुमचं ऐकणार न्हाय. तुमाला शर्यत वर्सातनं एक डाव. गाडी रोजची हाय."

"पुढं कडक, मागं मऊ टाकलं तर?"

"टाकता येतंय. पण मग कुठला कधी धरंल, ते तुमीच ध्यानात ठेवायचं."

शांतलिंगानं थोडा विचार केला, आणि दोन्ही चाकांना कडक टाकून घेतले.

आठवड्याभरात त्याला त्यांची सवय झाली. सकाळी निघाला की वेशीपर्यंत तो ब्रेक हलकेच घासत जायचा. वेस ओलांडेपर्यंत लायनर तापायचे आणि मग गाडी शहाण्यासारखी वागायची. रविवारी तलावात तर ती अशी वळायची की बघणारे गप्प व्हायचे. आपण निवडलं ते बरोबर निवडलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

एका सकाळी बायको, गंगम्मा, नळदुर्गला बहिणीकडं जायला मागं बसली. ब्रेक घासताना गाडी हिसके देते, ते तिला आवडायचं नाही. म्हणून त्या दिवशी त्यानं घासला नाही. हळूच तर जायचंय, असं म्हणून तो निघाला. ओढ्याच्या उतारावर आडवी मेंढरं आली. त्यानं हातापायाचे दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थोडी कुरकुरली आणि तशीच कळपात गेली.

धूळ बसली तेव्हा एक एडका आडवा पडून तडफडत होता आणि त्याचा पुढचा पाय लोंबत होता. शांतलिंग उठला तो थेट एडक्याकडं धावला. मेंढरं नागूबाई धनगरणीची होती. तिच्या डोक्याच्या फडक्याची पट्टी फाडून, बाभळीच्या काटक्या लावून त्यानं पाय सरळ बांधला. हात सवयीनं चालले होते. नागूबाईनं एडक्याचं तोंड धरलं होतं. ती मध्येच म्हणाली, "बाबा, तुझ्या मालकिनीकडं बघ आदी."

गंगम्मा रस्त्याच्या कडेला उभी होती. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, आणि चेहरा मातीसारखा झालेला.

"झालं का एडक्याचं?" तिनं विचारलं.

तो उठून तिच्याकडं गेला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. त्या सकाळबद्दल ती घरी एक अक्षर बोलली नाही. भाकऱ्या तो थापायला लागला. त्या कडेला जाड, मधे पातळ व्हायच्या आणि ती त्या मुकाट्यानं खायची. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

शर्यतीच्या चार दिवस आधी तो पुन्हा कोंडिबाकडं गेला.

"मऊ टाका."

"न् शर्यत?"

"ह्याच्यावरच."

शर्यतीत तो वळणाच्या फार आधी गाडी आवरायचा, गिअर उतरवून इंजिनाच्या जोरावर धरायचा आणि ब्रेक जपून वापरायचा. तरी शेवटी शेवटी दांडी मुठीकडं यायला लागलीच. त्यानं वळण बाहेरनं घेतलं. तिघं आतून पुढं गेले. त्याचा चौथा नंबर आला. वाईट वाटेल असं तो धरून चालला होता, पण तसं फारसं काही वाटलं नाही. भूक लागली होती. तो घरी आला.

मृग कोरडाच गेला. तलाव तसाच उघडा होता. गंगम्माचं प्लास्टर निघालं, मनगट वळायला लागलं. बहिणीकडं ती एसटीनं जाऊन आली. मग एका संध्याकाळी तिनं गाडी पुसणाऱ्या नवऱ्याला म्हटलं, "मला चालवायला शिकवा."

"गाडी?"

"मागं बसून मला काय कळतंय, तुमी कवा दाबलं न् कवा न्हाय? मला हातात पायजे."

"लोक काय म्हणतील, गंगे?"

"एडक्याला बांधत बसलात तवा आठवले व्हते का लोक?"

एवढं एकच ती त्याबद्दल बोलली. शांतलिंगानं फडकं खाली ठेवलं. मग आत जाऊन किल्ली घेऊन आला.

तलावाच्या तळावर त्यानं तिला क्लच दाखवला, गिअर दाखवले. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून ती बसली. दोन-तीनदा गाडी बंद पडली, मग चालली. तो बाजूनं पळत होता, पुढं त्याचा दम संपला आणि तो थांबला. काठावर दोन म्हातारे येऊन बसले होते. ती बरीच लांब गेली, वळली आणि परत त्याच्याकडं यायला लागली.

"दाब आता," तो ओरडला. "हळू."

तिनं हळू दाबला नाही. लायनरनं एकदम धरलं, गाडी दचकून उभी राहिली, इंजिन बंद. गंगम्मा दोन्ही पाय भुईला टेकवून तशीच बसून राहिली. त्यानं जवळ जाऊन हँडल धरलं.

"सोडा," ती म्हणाली, आणि किकवर पाय ठेवला.