तलाठ्याचा दाखला

घरात घडतं ते घरातच राहतं, ही मडिवाळप्पांच्या घराण्याची तीन पिढ्यांची शिस्त होती. शिरूर अनंतपाळात ती सगळ्यांना ठाऊक होती. त्या घरात आजवर काय काय घडलं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

ह्या खेपेला मात्र शिस्त खरोखरच पाळायची होती. त्यांच्या बायकोला, महादेवीला, बेचाळिसाव्या वर्षी दिवस गेले होते आणि सून रुद्राणी सातव्या महिन्यात होती. एका चुलीवर सासूचेही डोहाळे आणि सुनेचेही. मडिवाळप्पा दुकानात डाळ तोलताना गिऱ्हाइकाकडं बघेनासे झाले. लातूरला जाऊन मोकळं व्हायचं महादेवीनंच ठरवलं. अट एकच घातली.

"कुनाला कळता कामा न्हाई. सुनंला तर मुळीच न्हाई. तिच्या म्होरं कोनत्या तोंडानं बसू मी?"

"माझ्या तोंडातून शब्द जायचा न्हाई," मडिवाळप्पा गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाले.

त्यांच्या तोंडातून गेलाही नाही. तो तलाठ्याच्या तोंडातून गेला.

लातूर जिल्हा होऊन वर्ष उलटलं होतं, पण घरातल्या रेशनकार्डावर अजून उस्मानाबादच होतं. दवाखान्यानं 'तुमचा जिल्हा दुसरा' म्हणून माघारी धाडलं तर? म्हणून लातूरला निघायच्या आदल्या दिवशी ते रहिवासी दाखला काढायला चावडीवर गेले. दाखल्यात 'कारण' असा रकाना होता. कारण भरल्याबिगर शिक्का नाही. सरकारी कागदावर खोटं लिहायची मडिवाळप्पांची छाती नव्हती, म्हणून त्यांनी अण्णाराव तलाठ्यांच्या कानात खरं तेच सांगितलं. अण्णारावांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि शिक्का मारण्याआधी, रोजच्या रिवाजानं, खड्या आवाजात वाचून दाखवलं, "सदरहू बाई हिचा गर्भ खाली करणेकामी हा दाखला देण्यात येतो."

दुष्काळी कामावर नावं लावायला आलेली साठसत्तर माणसं चावडीत बसली होती.

"अण्णाराव, पुन्यांदा वाचा की," मागून कुणीतरी म्हणालं, "हिकडं ऐकू आलं न्हाई."

अण्णारावांनी पुन्हा वाचलं.

हे महादेवीला सांगायचं मडिवाळप्पांनी घरी टाळलं, एसटीतही टाळलं. लातूर येईस्तोवर ते खिडकीतून करपलेली रानं बघत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शेवटची पाळी कधी आली ते विचारलं, तपासलं, रक्त-लघवी बघायला सांगितली.

"नववा आठवडा आहे, मावशी. बाराच्या आत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढं दोघांचं लागतं. दुखू नये म्हणून इंजेक्शन देऊ. मग नळीनं पिशवी रिकामी करायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पाळीत येते तशी कळ येईल. दोन-तीन तास पडून राहायचं आणि घरी जायचं."

मडिवाळप्पांनी दाखला उलगडून टेबलावर ठेवला. "कुठं सही करू?"

"हे काय?"

"मंजुरीचं. शिक्का हाय."

बाईंनी कागद वाचला. मग त्यांच्याकडं बघितलं. मग पुन्हा कागद वाचला.

"काका, मंजुरी ह्यांची लागते. अठराच्या पुढची बाई स्वतः सही करते. नवऱ्याची सही लागत नाही, तलाठ्याची तर नाहीच. जिल्हाही आम्ही विचारत नाही. आणि इथं आलेल्या बाईचं नाव आम्ही बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा कायदा आहे."

"कायदा?"

"हो. आता तुम्ही जरा बाहेर बसा. मला ह्यांना एकटीला विचारायचंय."

बाहेरच्या बाकड्यावर मडिवाळप्पा बसले. जे गुपित राखायला सरकारनं कायदा केला होता, ते त्यांनी शिक्का मारून वाटलं होतं. कपाळावरची विभूती घामानं नाकावर उतरली. पुसायचीही त्यांना लाज वाटली.

तासाभरानं नर्सनं आत बोलावलं. "चांगलं झालंय सगळं. आठवडाभर थोडं थोडं रक्त जाईल. ताप आला, घाण वास आला, नाहीतर तासातासाला कपडा भिजायला लागला तर वाट बघू नका, लगेच घेऊन या. आणि पुढच्या पाळीआधीसुद्धा दिवस राहू शकतात. तांबी, निरोध, काय ते दोघांनी ठरवा. ऑपरेशन पुरुषाचंही होतं."

हे शेवटचं तिनं मडिवाळप्पांकडं बघून सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही बघितलं.

नर्स गेल्यावर ते महादेवीच्या खाटेच्या कडेला टेकले. तिचे डोळे मिटलेले होते. चेहरा फिका पडला होता, पण शांत होता. ह्याच चेहऱ्याला आता ते सांगायचं होतं.

"एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "चावडीवर... अण्णारावानं..."

"दोनदा वाचलं," महादेवी डोळे न उघडता म्हणाली.

"तुला कुनी सांगितलं?"

"टँकरच्या रांगंत समद्या बाया तेच बोलत होत्या. घागर भरायच्या आत कळलं."

"आन् रुद्राणीला?"

"ती माझ्या म्होरंच हुबी होती. रातभर रडले मी. सकाळी तिनंच धपाटे बांधून दिले, म्हनाली, अत्ती, जाऊन या, घरचं मी बघते."

इतक्या वर्षांच्या संसारात मडिवाळप्पांनी बायकोची माफी कधी मागितली नव्हती, त्यामुळं तिची सुरुवात कुठून करतात हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला, लिंगाला हात लावला.

"महादेवी, जल्मात म्या..."

"आवं, ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या पदरावर बसलाव. तेवढं उठा."