शिवेचा सव्वा महिना

शिव कुठून जाते ते माझ्या तोंडून ऐकायचंय? बसा मंग, साहेब. निजामाचं राज्य जाऊन दोन महिने झाले न्हाईत, तवर तुमी नवे नकाशे घेऊन आलाव. लिहा बापडे. पर आमच्या माळवस्तीची शिव कागदावर न्हाई ठरली, माणसाच्या पायानं ठरली. तो माणूस म्हंजे माझा मालक, लिंबाजी.

दहा सालं झाली. अलीकडचं गाव सरकारी, पलीकडचं जहागिरीचं, अन मधात आमची तीस घरं. दोन्ही गावं म्हणायची, वस्ती आमची. जहागिरीत गेलाव की वेठ आली! आपली पेरणी सोडून जहागीरदाराच्या रानात फुकट राबायचं, अन तोंड उघडलं की पाठीवर कोरडा. तहसीलदार जिंतूरहून आला अन म्हणला, तुमच्या रिवाजानं ठरवा, मी दगड रोवतो.

रिवाज असा. ज्याच्या वाडवडलांनी शिव राखली, त्यानं ओल्या धोतरानं, अनवाणी, डोक्यावर मातीची पाटी घेऊन चालायचं. तो चालला ती शिव. पर पुढं सव्वा महिना त्याच्या घरात मरण न्हाई की मोठं दुखणं न्हाई व्हायला पायजे. झालं, तर तो खोटा चालला. मंग शिव उलटी.

लिंबाजी खरा चालला. देवाशपथ सांगते, एक पाऊल इकडचं तिकडं केलं न्हाई. वस्ती सरकारीत आली. बायांनी मला डोक्यावर घेऊन नाचायचंच बाकी ठेवलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी मनकर्णाला ताप भरला. माझी एकुलती एक लेक, पाच वर्षांची, लय बडबडी मेली. मालक म्हणले, "गाडी जुंपतो. जिंतूरला हकिमाकडं नेऊ."

मी म्हणले, "न्हाई."

मीच म्हणले, लिहा तसं. जहागीरदाराचा कारभारी दिनकरराव रोज वस्तीवर चक्कर मारायचा. गाडीत निजलेलं लेकरू त्याला दिसलं असतं, की तीस घरं वेठीला. अन खरं सांगू? मला वाटलं, माझा माणूस खरा चाललाय, तर हिला काय व्हायचंय? उतरंल ताप. असं गाढवावानी वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी ताप हटंना, तवा मी मालकाला इचारलं, "खरंच खरे चाललाव ना वो?" त्यांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. माझ्याकडं बघितलंच न्हाई. ते इचारलं म्हणून मी अजून सोताला माफ केलं न्हाई.

दिनकरराव दारात आला. "काय तानुबाई, पोरगी दिसंना कुठं?"

"मामाकडं गेलीय, पाथरीला."

आत ती पाणी मागायली होती, बारीक आवाजात. मी दारातच उभी ऱ्हाऊन मोठमोठ्यानं बोलत बसले, कापसाचं, बैलाचं, काय वाट्टेल ते. तो हलल्यावर आत गेले.

चौतिसाव्या दिवशी गेली. भर दुपारी समदे कापूस वेचायला गेले, तवा मालकानं तिला गाठोड्यात घातलं, वरून कापूस टाकला, अन आमच्याच बांधाला पुरलं. मी संगं गेले न्हाई. घर बंद दिसलं असतं. पुढचे चार दिवस चूल पेटवली, शेजारणीसंगं हसले, जात्यावर बसून ओव्या म्हणल्या. काय काळजाची बाई असंल मी, साहेब!

सव्वा महिना भरला. तहसीलदारानं दगड रोवला, हलगी वाजली. पहिलं कुंकू शिव चालणाऱ्याच्या बायकोनं लावायचं. मी वाकले, बोट टेकलं, अन तो दगड पोटाशी धरून हंबरडा फोडला. सुटंना मला तो.

"रडू द्या गं तिला," बाया म्हणल्या, "लय आनंद झालाय बिचारीला."

अन एकीनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.