काचपेटीतली माता

नागपूरच्या महाल भागात रुपरावच्या घरासमोर चपलांचा ढीग पडला होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी मागचे लोक पुढच्यांना ढकलतच होते. दाराला कडुनिंबाचा डहाळा, बैठकीत उदबत्त्यांचा धूर आणि त्या धुरात काचपेटी. पेटीत मासे, आणि माशांपुढे हात जोडून उभा असलेला अख्खा मोहल्ला.

"परवापर्यंत दाणे होते का नाई?" खाप्याहून आलेला कवडू महाराज गरजला.

"होते, महाराज!"

"आज हायेत का?"

"नाईत!"

"पोट्टीच्या अंगावरची माता म्या मासोईवर उतरवली. आता मासोईवरूनबी घालवली. म्हणा तुमच्या डॉक्टरले, दाखव म्हणा असं करून!"

जयजयकार झाला. महाराजाने पेटीतलं पाणी वाटीत घेतलं, त्यात अंगाऱ्याची चिमूट टाकली, आणि माशांनी घाण केलेलं ते पाणी लोकांनी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं. त्यात बी.ए. झालेले होते, एक वकीलही होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी गिरिधर मास्तर. १९७९च्या जानेवारीतली ही गोष्ट. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि घरी मासे पाळायचो. रुपराव संत्रा मार्केटातला अडत्या, हौशी माणूस. त्याची काचपेटी मीच लावून दिली होती. नवीन मासे आणले की पंधरा दिवस वेगळ्या बरणीत ठेवायचे, हे त्याला दहादा बजावलं होतं. त्याने सीताबर्डीहून दोन काळ्या मॉली आणल्या आणि घरी येताच पेटीत सोडल्या. त्याच आठवड्यात नागपूरची थंडी उतरली, पाणी गारठलं आणि काळ्या माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे उठले.

नेमकी तेव्हाच त्याच्या सहा वर्षांच्या शामलाला गोवर निघाली. पोरीच्या अंगावर पुरळ, माशांच्या अंगावर दाणे. घरातल्यांनी दोन्हींचा मेळ घातला. माशांनाही माता आली! मग घरात फोडणी बंद, मीठ बंद, दाराला कडुनिंब. मातेला थंडावा लागतो म्हणून पेटीतसुद्धा रोज माठातलं गार पाणी ओतायचं, भर जानेवारीत. आणि औषधाचं नाव काढायचं नाही, कारण औषधाने देवी कोपते. कवडू महाराजाला कोणी बोलावलं ठाऊक नाही. गुळाला मुंगळे आपोआप लागतात.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मी रुपरावला बाजूला घेतलं.

"रुपराव, हा माशांचा नेहमीचा रोग आहे. पाणी गरम करा, मीठ टाका. दर बादलीला दोन मोठे चमचे."

त्याची बायको प्रेमिला दारातूनच म्हणाली, "मास्तर, काहून असं बोलून राहिले जी? मातेच्या घरात मीठ? अन् गरम पाणी? आमच्या पोट्टीच्या जिवावर उठले का तुम्ही?"

"शामला कशी आहे?"

"पुरळ गेलं तिचं. महाराजाच्या कृपेनं बरी हाय. निजली हाय."

गोवरीचं पुरळ पाच-सहा दिवसांत जातंच, महाराज असो नसो. हे मी बोललोही. पण पडद्याआड जाऊन पोरीला पाहिलं नाही. खरं सांगायचं तर माझं डोकं वेगळीकडेच चाललं होतं. माशांवरचे दाणे गेले म्हणजे रोग गेला नाही, हे मला माहीत होतं. आठवडाभरात ते दसपट होऊन परत येणार, आणि तेव्हा याच गर्दीसमोर या भोंदूला उघडा पाडायचा, असं मी ठरवलं. शाळेतला सूक्ष्मदर्शक मागून ठेवला आणि वाट पाहत बसलो. आठ दिवस.

आठव्या दिवशी मासे पेटीतल्या दगडांना अंग घासत होते. दोन मरून वर आले होते. काळी मॉली मीठ भुरभुरल्यासारखी पांढरी झाली होती. लोक कुजबुजू लागले, तसा महाराज उसळला.

"या घरात कोणीतरी फोडणी देल्ली! माता कोपली!"

बोट प्रेमिलाकडे होतं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मला हेच हवं होतं. मी सूक्ष्मदर्शक अंगणात उन्हात मांडला, मेलेल्या माशाच्या अंगावरचा दाणा खरवडून काचेवर घेतला आणि रुपरावला म्हटलं, "या. मातेचं दर्शन घ्या."

त्याने डोळा लावला आणि दचकला. "बाप्पा! हे तं जित्तं हाय! गरगर फिरून राहिलं!"

"हा जंतू आहे. माशाच्या कातडीखाली शिरून पोसतो, तो तुमचा दाणा. पोट भरलं की गळून तळाशी पडतो. तेव्हा मासा स्वच्छ दिसतो आणि महाराज जयजयकार करवून घेतात. तळाशी एकाचे शेकडो होतात आणि परत माशावर चढतात. तुमच्या मॉलींनी तो दुकानातून आणला. गार पाण्यात मासे कमजोर होतात, त्याचं फावतं. गरम पाण्याने आणि मिठाने तो मरतो. तुम्ही दोन्ही बंद केलं."

एकेक जण डोळा लावून गेला. वकीलही. महाराज म्हणाला, "नजर लागली, नजर!" पण आता कोणी 'होय महाराज' म्हणेना. झोळी उचलून तो मागच्या दाराने सटकला. पोरं शिट्ट्या मारू लागली. मी जिंकलो होतो. छाती दोन इंच फुगली होती.

तेवढ्यात प्रेमिला पुढे आली. "पंधरा दिवसांपासून अळणी वरण-भात खाऊन राहिली मी. अन् हा म्हणते, मी फोडणी देल्ली." तिने आतल्या पेटीकडे बोट केलं. "मास्तर, या पाण्यात असे हजार जंतू हायेत?"

"असतीलच. हा माशांचा जंतू माणसाला धरत नाही. पण घाण पाण्यात आणखी काय काय असतं."

ती आत गेली आणि शामलाला कडेवर घेऊन आली. पोरीने उन्हात तोंड तिच्या खांद्यात खुपसलं. प्रेमिलाने तिची हनुवटी वर केली. डावा डोळा चिकटलेला, बुबुळ दुधासारखं पांढरं.

"तिचे डोये आले होते. महाराज म्हणे, तीर्थ घाला. आठ दिवसांपासून रोज तीनदा घालून राहिली मी. माह्याच हातानं."

आम्ही तिला दोन गल्ल्या पलीकडे डॉक्टर कुसुमताईंकडे नेलं. त्यांनी डोळा पाहिला आणि माझ्यावर ओरडल्या. "गोवरीत डोळे आधीच कोरडे, नाजूक होतात. त्यात राख आणि सडकं पाणी! आठ दिवसांपूर्वी आणली असती, तर वाचला असता. तुम्ही शिकलेले ना, मास्तर? काय करत होतात?"

मी सूक्ष्मदर्शक पुसत होतो.

उजवा डोळा वाचला, डाव्यात फूल पडलं ते कायमचं. उरलेले मासे मात्र पंधरा दिवसांत खडखडीत बरे झाले. मीठ, दिव्याची ऊब आणि रबरी नळीने तळाचा गाळ काढणं, एवढंच लागलं. मॉलींना पिल्लंही झाली. शामला मान तिरपी करून ती मोजायची.

कवडू महाराजाचा मला आजही संताप येतो. दुसऱ्याच्या लेकराच्या डोळ्यात राख घालणाऱ्याला चाबकाने फोडायला हवं. पण मला माझाही संताप येतो. तो लबाड होता आणि मी शहाणा होतो, आणि दोघांनाही गर्दी हवी होती. म्हणून हात जोडून सांगतो, दाणे देवीचे नसतात, रोगाचे असतात, आणि रोगाला औषध असतं. भोंदूचं पितळ उद्याही उघडं पाडता येईल. घरात लेकरू आजारी असेल, तर आधी पडदा सारून आत जा आणि त्याला उचलून दवाखान्यात न्या.