पुंजारामचा दंड

दिंडोरीजवळच्या मळ्यातला मंडप माणसांनी ठासून भरला होता. बाबाने पुंजारामचा लोंबता पंजा खालून उचलून धरला, अंगारा फुंकला आणि गरजला, "आवळ मूठ!"

ट्रॅक्टरवरून पडून दंडाचं हाड मोडल्यापासून पुंजारामला पेलाही धरता येत नव्हता. त्याच हाताने त्याने बाबाचं बोट घट्ट आवळलं. जयजयकार झाला. लताबाई नवऱ्याकडे बघून रडू लागली.

"याला दंड का म्हणतात?" बाबाने गर्दीला विचारलं. "देव इथंच दंड देतो म्हणून! तू कुणावर तरी हात उगारला हायेस."

पुंजारामने मान खाली घातली. कधीच हात न उगारलेला माणूस समोर आला असता, तर बाबाची पंचाईत झाली असती!

बाबाने हातावरचा दवाखान्याचा पट्टा काढून दंडाभोवती मंतरलेला दोरा करकचून आवळला. "अमावास्येच्या आत सोडला, तर हात जळंल."

आरती संपेपर्यंत बोटं निळी पडली. पुंजारामची भाची चैताली नाशिकला हाडांची डॉक्टर. लताबाईने घाबरून फोन केला, तशी ती धावत मंडपात आली.

"मामा, दोरा कापू द्या."

"नको गं, जळंल!" त्याने हात मागे ओढला.

"पाप बाहेर पडतंय," बाबा म्हणाला.

"मामी, बोटं गार पडलीत. रक्त पोचत नाहीये. आणखी थांबलो तर हातच कापावा लागेल."

लताबाईने एकदा बाबाकडे पाहिलं, एकदा त्या बोटांकडे. मग चैतालीच्या हातातली कात्री घेऊन तिने दोरा कापला.

पुंजाराम किंचाळला. "जळला! जळला!" गर्दी मागे सरली.

"अडलेलं रक्त परत येताना दुखतंच. बोटं बघा," चैताली म्हणाली.

हळूहळू बोटं तांबूस झाली.

मग चैतालीने मामाचं मनगट खालून उचलून धरलं. "आवळा मूठ." तिचं बोट आवळलं गेलं. तिने आधार काढला, पंजा लोंबला, पकड सुटली.

"मी कुठला अंगारा लावला?" ती म्हणाली. "मनगट उचलणारी नस या हाडाला वळसा घालून जाते. हाड मोडताना ती दुखावली. मनगट कुणीही सरळ धरलं की मूठ आवळते. आणि दंड म्हणजे मुळात काठी. काठीसारखा सरळ म्हणून हा दंड; मारायची ती काठी, म्हणून शिक्षाही दंड. आमच्या पुस्तकात याच्या हाडाला ह्यूमरस म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खांदा. आता खांद्यात कुठली शिक्षा शोधायची?"

बाबा गाडीकडे वळला होता. लोकांनीच वाट अडवली आणि पोलीस येईपर्यंत त्याला हलू दिलं नाही.

दवाखान्याच्या पट्ट्यानं आणि रोजच्या व्यायामानं काही महिन्यांत पुंजाराम आधाराशिवाय मनगट उचलू लागला.

चमत्कार पाहिलात तर हात जोडण्याआधी एवढंच करून पाहा: बाबाला बाजूला सारा आणि तोच प्रयोग स्वतः करा.